करमत नावाचा माणूस

मी अमेरिकेला निघाले त्या दिवशीही बाबांनी दुकान उघडं ठेवलं होतं. इचलकरंजीत आमचं औषधांचं दुकान आहे, म्हणजे होतं. निरोप घ्यायला मी तिथे गेले तेव्हा ते एका बाईंना खोकल्याचं औषध किती चमचे, जेवणाआधी की नंतर, हे समजावून सांगत होते. बाई गेल्यावर त्यांनी काउंटरखालून एक पुडकं काढून माझ्या हातात ठेवलं. तापाच्या, पित्ताच्या, पोट बिघडल्यावरच्या गोळ्या, आणि प्रत्येक पाकिटावर त्यांच्या सुवाच्य अक्षरातली चिठ्ठी. "पोचलीस की कळव," एवढं म्हणाले आणि वरच्या फळीवरचं काहीतरी काढायला शिडीवर चढले. मी पाया पडायला वाकले आणि शिडीलाच नमस्कार करून बाहेर आले.

मुंबईच्या विमानतळावर सोडायला आई एकटीच आली. तिथे दाराशी, सामानाच्या गाड्यांच्या गर्दीत, एक गंमत झाली. एक वयस्कर तमिळ जोडपं बराच वेळ आईकडे टक लावून बघत होतं. शेवटी ते गृहस्थ हात जोडून पुढे आले आणि तमिळमध्ये घडाघडा बोलायला लागले. आई ओशाळं हसली, मान हलवून "नो तमिळ" म्हणाली. गृहस्थ गोंधळले. बायकोशी काही कुजबुजले आणि मला इंग्रजीत म्हणाले, "असं कसं होईल? आम्ही ह्यांचे दोन्ही सिनेमे पाहिलेत. काय सुंदर तमिळ बोलतात त्या!"

आई म्हणाली, "चल, तुझी वेळ झाली." मी आत गेले, विमानात बसले, आणि घर सुटल्याचं रडू वगैरे सगळं बाजूला राहून मला एकच प्रश्न पडला. मग ते सुंदर तमिळ बोललं तरी कोण? माझा स्वभावच चौकस. आमची आत्या त्याला भोचक म्हणते.

आई कोल्हापूरची. तिचे वडील, आमचे नाना, तिथल्या एका स्टुडिओत मेकअपमन होते. स्टुडिओचं काम थंडावत चाललं होतं, तेव्हा मद्रासचे कोणी निर्माते आले, त्यांनी आईला पाहिलं, आणि नाना तिला घेऊन मद्रासला गेले. एकोणीस वर्षांची होती. दोन सिनेमे केले, दोन्ही चालले म्हणतात. मग ती परत आली आणि इचलकरंजीच्या औषधवाल्याशी लग्न करून संसाराला लागली. आमच्या घरात त्या सिनेमांचा एक फोटोही भिंतीवर नव्हता.

का सोडलंस, असं मी शाळेत असताना विचारायची. ती म्हणायची, "मला कुणी आणलं नाही गं. मी माझ्या पायांनी आले." आत्याचं म्हणणं वेगळं होतं. "तुझ्या बापानंच अट घातली असणार. नटी कोण करून घेतंय?" बाबांना विचारलं की ते चष्मा पुसत बसायचे. मी आत्याची गोष्ट खरी मानली, कारण ती जास्त रंगतदार होती.

पुढे मला डेट्रॉइटजवळच्या एका विद्यापीठात ॲडमिशन मिळाली तेव्हा बाबा म्हणाले, "इथे काय कमी आहे?" मी बावीस वर्षांची, जीभ तिखट. म्हटलं, "आईचं केलंत ते माझं होऊ देणार नाही." बाबांनी चष्मा काढला, पुसला, परत डोळ्यावर ठेवला आणि दुकानात निघून गेले. त्यानंतर त्यांनी माझ्या जाण्याला एका शब्दानेही विरोध केला नाही. मला वाटलं, मी जिंकले.

ह्याला सत्तावीस वर्षं झाली. आता मी मिशिगनमध्ये ट्रॉयला राहते आणि गाड्यांच्या आवाजावर काम करते. तुम्ही नवी गाडी घ्यायला जाता, दार लावून बघता, आणि 'थप्' असा भरीव आवाज आला की गाडी मजबूत आहे असं तुम्हाला वाटतं ना? तो आवाज आपोआप येत नाही, आम्ही तो आणतो. महिनोन्‌महिने एका दाराचा 'थप्' ऐकत बसायचं काम माझ्यासारख्या भोचक बाईलाच जमावं. सुरुवातीच्या वर्षांत कॉलिंग कार्डवरची मिनिटं मोजत घरी फोन करायची, तेव्हा सांगायला इतकं असायचं की कार्ड संपायचं. आता व्हिडिओ कॉल फुकट आहे आणि बोलायला काही नाही. आई होती तोवर ती मध्ये असायची. सहा वर्षांपूर्वी ती गेली. दुकान बाबांनी त्याच वर्षी विकलं. तेव्हापासून दर रविवारी सकाळी, त्यांच्या संध्याकाळी, आमचं चार मिनिटांचं संभाषण होतं.

"गोळ्या घेतल्या का?"

"घेतल्या."

"कमलबाई येते का वेळेवर स्वयंपाकाला?"

"येते."

"बरे आहात ना?"

"बरा आहे."

मी तिकडे मस्त आणि ते तिकडे बरे. असं आमचं चाललं होतं.

मागच्या नवरात्रात ऑफिसातल्या कविताने घरी बोलावलं. कविता चेन्नईची. तमिळ घरांत नवरात्रात बाहुल्यांच्या पायऱ्या मांडतात आणि बायकांना हळदीकुंकवासारखं बोलावतात. पायऱ्यांच्या शेजारी खुर्चीवर कविताच्या सासूबाई, रुक्मिणीबाई, बसल्या होत्या. ऑक्टोबरात घरात हीटर चालू, आणि ह्यांच्या गळ्याभोवती लोकरीचा मफलर. मी माझ्या लेकीला, इराला, मराठीत म्हटलं, "आजींना नमस्कार कर." तशा त्या एकदम ताठ झाल्या.

"तुम्ही मराठी? कोठचे तुम्ही? मी पण मराठीच. तंजावूरचे आम्ही."

हे रुक्मिणीबाईंचं मराठी. तंजावूरला तीनशे वर्षांपूर्वी गेलेली मराठी घराणी आहेत, हे आपण पुस्तकात वाचलेलं असतं. समोर बसून कोणी 'मज' आणि 'तुम्हास' म्हणायला लागलं की मात्र बखरीतलं माणूस चहा पीत बसल्यासारखं वाटतं. रुक्मिणीबाईंच्या माहेरी सासरी हीच भाषा, पण मुलाला त्यांनी तमिळच शिकवलं. कारण त्यांच्या तमिळवर घर चालत होतं.

"अम्मा डबिंग आर्टिस्ट होत्या," कविता म्हणाली. "मोठ्या. तीस वर्षं."

माझे कान टवकारले. ज्या नायिका मुंबईहून, बंगालहून, कुठून कुठून यायच्या आणि ज्यांना तमिळचा त देखील येत नसे, त्यांना ह्या बाईंनी आवाज दिला होता. त्या काळी सीनचा तुकडा कापून त्याची दोन टोकं चिकटवत आणि तोच तुकडा पडद्यावर पुन्हा पुन्हा फिरवत. त्याला लूप म्हणत. कानाला हेडफोन, त्यात सेटवरचं मूळ बोलणं, कॅमेऱ्याच्या घरघरीसकट, आणि समोर कोणा परक्या बाईचे ओठ. ते ओठ मिटले की आपले मिटले पाहिजेत. "प, ब, म," रुक्मिणीबाई म्हणाल्या. "हे तीन आमचे वैरी. बाकी सारें खपतें. ओंठ मिटला आणि आवाज नाही मिटला, तर थिएटरांत लोक हसतात."

पडद्यावर त्यांचं नाव कधी आलं नाही. एका सिनेमात नायिकेला आणि तिच्या सासूला, दोघींनाही त्यांचाच आवाज होता, आणि मधलं कडाक्याचं भांडण त्यांनी एका सकाळी एकटीने उरकलं होतं. नायिका म्हातारपणाकडे झुकल्या तशा त्याही आईंचा आवाज झाल्या, मग आज्यांचा, आणि शेवटी देवीचा. भाजीबाजारात "दोन किलो द्या" म्हटलं की बायका मागे वळून बघायच्या आणि चेहरा अनोळखी दिसला की पुन्हा भाजीकडे वळायच्या. गळा सांभाळायचा म्हणून बर्फ नाही, आंबट नाही, मुलावर ओरडणं नाही. कविताचा नवरा सांगतो की अम्मा रागावली की कुजबुजायची, आणि त्याची भीती जास्त वाटायची. आता आमच्या इथल्या देवळात पार्किंगच्या अनाउन्समेंट त्या करतात. "निळी गाडी रस्त्यातून काढावी" हे देवीच्या आवाजात ऐकल्यावर ज्यांची गाडी निळी नाही तेही बाहेर धावतात.

मी भीतभीतच आईचं पडद्यावरचं नाव सांगितलं.

रुक्मिणीबाईंनी हातातला कप खाली ठेवला. "ती पोर! मज चांगली ठाऊक. म्हणजे तिचे ओंठ ठाऊक. रस्त्यांत भेटली असती तर ओळखली नसती."

दोन्ही सिनेमांत आईचा आवाज ह्यांचाच होता. सत्तावीस वर्षांपूर्वी विमानतळावर पडलेल्या प्रश्नाचं उत्तर ट्रॉयमध्ये, माझ्या घरापासून सहा मैलांवर, मफलर गुंडाळून बसलं होतं.

पुढचं ऐकून मात्र मी हसून लोळायची बाकी राहिले. आईला तमिळ वाक्यं पाठच होत नसत. दिग्दर्शक वैतागून म्हणाला, आकडे म्हण, नाहीतर काहीही म्हण, फक्त चेहरा नीट ठेव. मग आई पाढे म्हणायला लागली. नारळाच्या झाडाखाली नायकाच्या खांद्यावर मान ठेवून ती म्हणत होती, बे एके बे, बे दुणे चार. डबिंगच्या साऱ्या स्टुडिओत ते कळणारी एकटी रुक्मिणीबाई. "ती बे म्हणे, तेथें मी 'पेसु' म्हणें. पेसु म्हणजे बोल. ओंठ सारखेच. लोकांस वाटलें काय प्रेमाचें बोलते!"

आणि मग त्या जरा पुढे झुकल्या आणि आवाज खाली आणून म्हणाल्या, "करमतचें पुढें काय झालें?"

"कोण करमत?"

त्यांनी तो शब्द 'कर्मत्' असा तोडून उच्चारला होता. मला ऐकू आलं करामत. कोणी करामत अली, करामत खान.

"तिचा तो. ज्याच्यासाठीं ती रडली. दुसऱ्या सिनेमांत, शेवटचे सीनमध्यें म्हणाली की. मग तो नाहीं मिळाला, म्हणून त्या औषधवाल्याशीं लग्न केलें. होय ना? बिचारी."

मी म्हटलं, "औषधवाले म्हणजे माझे वडील."

रुक्मिणीबाईंनी जीभ चावली. मी खूप विचारलं, पण त्या एकच म्हणत राहिल्या, "ओंठ पाहिल्यावांचून मज नीट आठवत नाहीं. सिनेमा आणा, मग सांगतें." आणि दुसऱ्या दिवशी कविताचा मेसेज आला की अम्माला घसा धरलाय, त्यामुळे पंधरा दिवस मौन. जुनी सवय होती त्यांची. घसा जरा खवखवला की हॅलोसुद्धा म्हणायचं नाही.

माझे ते दिवस कसे गेले ते सांगायची सोय नाही. इराने तो दुसरा सिनेमा इंटरनेटवर कुठूनतरी शोधून काढला. शेवटचा सीन मी इतक्यांदा पाहिला की इरा म्हणाली, "आई, स्टॉप इट. दॅट्स नॉट इव्हन हर व्हॉइस." बंदरावर बोट सुटते आहे, नायक बोटीवर आहे, आणि माझी एकोणीस वर्षांची आई कॅमेऱ्याच्या जरा डावीकडे कोणाकडे तरी बघत रडते आहे. ते ग्लिसरीनचं रडणं नव्हतं. ते मला तिच्या नाकाच्या शेंड्यावरून कळलं. बाबांनी तिला सिनेमातून ओढून आणलं असं इतकी वर्षं मनात धरलेलं, आता त्यात ह्या करामतची भर पडली. म्हणजे बाबांशी लग्न तिने नाइलाजाने केलं, आणि "माझ्या पायांनी आले" हे सगळं आमच्या समाधानासाठी.

आणि रविवारी, भोचकपणा नडला. गोळ्या झाल्या, कमलबाई झाली, आणि मी विचारून बसले, "बाबा, आईच्या ओळखीत करामत नावाचं कोणी होतं?"

"कोण?"

"करामत. मद्रासला."

"नाही," बाबा म्हणाले. मग, "तिनं कधी सांगितलं नाही. का गं?"

"सहज."

त्या दिवशी आमचं बोलणं दोन मिनिटांत संपलं. पुढच्या रविवारी मी फोन करायच्या आधी त्यांचाच फोन आला. बाबा आपणहून मला कधीच फोन करत नाहीत. "ते करामतचं काही कळलं का?" त्यांनी विचारलं. मी नाही म्हटलं. "बरं," म्हणाले. "कळलं तरी सांगितलंच पाहिजे असं नाही."

ब्याऐंशी वर्षांचा माणूस आठवडाभर एकटा घरात बसून त्या नावाचा विचार करत होता, आणि ते मी त्यांच्या डोक्यात घातलं होतं. मला माझीच इतकी लाज वाटली की दुपारचं जेवण गेलं नाही. जे एकदा बाविसाव्या वर्षी केलं तेच पन्नाशीला येऊन पुन्हा केलं होतं.

त्याच्या पुढच्या रविवारी मौन सुटलं. सकाळी नऊला मी कविताच्या घरी हजर. मोठ्या टीव्हीवर सिनेमा लावला. रुक्मिणीबाईंनी आवाज बंद करायला सांगितला. मफलर नीट केला, खुर्चीत ताठ बसल्या आणि एक तळहात कानावर ठेवला, हेडफोन धरावा तसा. बंदराचा तो सीन त्यांनी तीनदा नुसता बघितला. त्यांचे ओठ हलत होते, आवाज नव्हता.

चौथ्यांदा त्या तमिळमध्ये बोलल्या. ह्या जन्मी नाही तर पुढच्या जन्मी तरी माझ्यासाठी थांब, असा काहीसा अर्थ. ऐंशी पार केलेल्या बाईच्या तोंडून वीस वर्षांच्या मुलीचा आवाज आला. कविता सोफ्यावर बसून रडायला लागली. हे वाक्य तिच्या आईच्या पिढीला पाठ होतं, म्हणाली. रुक्मिणीबाईंना त्या वाक्यानंतर कामाला तोटा राहिला नव्हता.

"आतां तिचें," त्या मला म्हणाल्या. "सीनआधीं दिग्दर्शक तिला म्हणाला, तेंही हेडफोनांत ऐकलें मीं, तुझा बाप तेथें बसला आहे, त्याच्याकडे बघ आणि मनांत येईल तें बोल."

म्हणजे कॅमेऱ्याच्या डावीकडे नाना होते. सीन पुन्हा सुरू झाला. आईच्या ओठांबरोबर ओठ हलवत, एकाही प-ब-म ला न चुकता, रुक्मिणीबाई मराठी बोलल्या. त्यांचं तंजावूरचं नाही, तिचं.

"नाना, मला हितं करमत नाही. कवापासनं सांगतेय तुम्हाला. मला घरी न्या. त्या औषधवाल्यांना हो म्हणून कळवा."

सीन संपला. बोट गेली. मी आधी 'हितं' ऐकलं. लग्नानंतर आईने ते सोडून 'इथं' धरलं होतं, मी तिच्या तोंडून ते फक्त कोल्हापूरला मामाकडे गेल्यावर ऐकायची. मग बाकीचं डोक्यात शिरलं आणि मी हसायला लागले, आणि हसता हसता असं रडू फुटलं की कविता पाणी आणायला धावली.

"ऐकलेंत ना?" रुक्मिणीबाई म्हणाल्या. "येथें करमत नाहीं. म्हणजे तो मद्रासेस आलाच नाहीं. मग बिचारी काय करेल? औषधवाल्यांस हो म्हणाली."

"मावशी," मी म्हटलं, "करमत हा माणूस नाही."

"मग?"

"शब्द आहे. करमणं. मला करमत नाही."

आमच्या घरांत हा शब्द नाही, असं त्या म्हणाल्या. म्हणजे काय, असं मलाच विचारलं. मी सांगायला गेले आणि अडले. बोअर होतं म्हणावं तर ते नव्हे. कंटाळा कामाचा येतो, आठवण माणसाची येते. करमत नाही म्हणजे सगळं असतं, जेवण असतं, माणसंही चांगली असतात, कोणाची तक्रार नसते, आणि तरी तिथे जीव रमत नाही. बसलं तर उठावंसं वाटतं आणि उठून जायला कुठे जागा नसते. असं काहीतरी मी अर्धं मराठी अर्धं इंग्रजीत सांगितलं.

रुक्मिणीबाई बंद पडद्याकडे वळल्या. "पन्नास वर्षें मी त्या माणसासाठीं हळहळलें," म्हणाल्या. "तें वाक्य बोलतांना मज तोच दिसत होता. उंच, मिशा असलेला. लोक म्हणत, काय रडली ही बाई! आणि मी चुकून रडलें."

"चुकून कुठे? ती रडतच होती की."

त्यांना ते पटलं असावं. मग मफलरचं टोक चाचपत त्या हळूच म्हणाल्या, "म्हणजे हें मज येथें आल्यापासून आहे. बारा वर्षें. नांव आज कळलें."

कविता पाण्याचा ग्लास घेऊन आली होती. "व्हॉट डिड अम्मा से?" तिने विचारलं. रुक्मिणीबाईंनी माझ्याकडे पाहिलं आणि मान अगदी जराशी हलवली. मी म्हटलं, त्यांना आमचा एक शब्द आवडलाय. कविता चांगली मुलगी आहे, सासूचं सगळं करते, खोटं बोलल्याचं मला वाईट वाटलं. पण तो शब्द कधी आणि कोणाला सांगायचा हे ठरवणं माझ्या हातात नव्हतं.

घरी पोचेपर्यंत मला दम निघेना. कविताच्या घरासमोर गाडीतच बसून फोन लावला. साडेदहा वाजले होते, म्हणजे इचलकरंजीत रात्रीचे आठ.

"गोळ्या घेतल्या," बाबांनीच सुरुवात केली.

"बाबा, करामत कोण ते कळलं."

पलीकडे टीव्ही चालू होता तो त्यांनी बंद केला.

मी सगळं सांगितलं. रुक्मिणीबाई, लूप, बे एके बे, बंदर, कॅमेऱ्याच्या डावीकडे बसलेले नाना. आणि मग आईचं वाक्य, जसंच्या तसं, 'हितं'सकट. औषधवाल्यांना हो म्हणून कळवा, हे मी दोनदा म्हटलं.

"पत्र आलं होतं नानांचं," बाबा म्हणाले. "मद्रासहून. होकाराचं. मला वाटलं त्यांनीच ठरवलं असेल. पोरीला विचारलं नसेल." मग चष्मा काढल्याचा आवाज आला, टेबलावर ठेवल्याचा. "मी अट वगैरे काही घातली नव्हती गं. पण माझ्यामुळे सुटलं असेल तिचं, असं मलाही वाटायचं. विचारायचा धीर झाला नाही."

"मग मी बोलले तेव्हा तुम्ही काहीच का नाही म्हणालात?"

"मला वाटलं, तुझं खरं असेल."

मी माफी मागितली. सत्तावीस वर्षं उशिरा मागितलेली माफी कशी मागतात हे काही मला ठाऊक नव्हतं, मी नुसतंच "चुकलं माझं, बाबा" असं दोन-तीनदा म्हटलं. ते म्हणाले, "असू दे." मग म्हणाले, "ती सांगत होती की गं आपल्याला. माझ्या पायांनी आले म्हणून." खरं बोलणाऱ्या बाईवर घरातल्या दोघांनीही जन्मभर विश्वास ठेवला नाही, आणि एका परक्या बाईने मात्र चुकीचं समजूनही तिचं वाक्य पन्नास वर्षं जपलं.

इथली माणसं एकमेकांना 'व्हेअर इज होम' विचारतात. मी पाहुण्यांना ट्रॉय सांगते, आपल्या लोकांना इचलकरंजी सांगते, आणि दोन्ही खरं असतं. पण त्या दिवशी गाडीत बसून मला कळलं की मी घर सोडताना कोणाच्यातरी चुकीची दुरुस्ती करायला निघाल्यासारखी निघाले होते, आणि ती चूक कधी झालीच नव्हती. नुसतंच जायचं होतं मला, म्हणून मी गेले होते. आई जशी नुसतंच यायचं होतं म्हणून आली.

मग मी जन्मात कधी विचारला नव्हता तो प्रश्न विचारला.

"बाबा, तुम्हाला करमतं का हो तिथे?"

बरा आहे, असं ते म्हणतील म्हणून मी वाट पाहिली.

"नाही गं," बाबा म्हणाले. "ती गेल्यापासून नाही." आणि लगेच, विषय बदलल्यासारखं, "तुला? तुला करमतं तिकडे?"

इतक्या वर्षांत हे मला कोणी विचारलं नव्हतं. मस्त चाललंय, हे उत्तर ओठावर तयार होतं. पण ते ह्या प्रश्नाचं उत्तर नव्हतं.

"करमतं, बाबा," मी म्हटलं. "खरंच करमतं. तेच तुम्हाला सांगायची लाज वाटायची."

"वेडी आहेस. त्यात लाज कसली?" ते म्हणाले. त्यांचा आवाज मला हलका वाटला. "घरात एकाला तरी करमलं पाहिजे."

मी म्हटलं, जानेवारीत महिनाभर येते, इराला घेऊन. एरवी ह्यावर त्यांचं ठरलेलं असतं, कशाला उगीच, सुट्टी वाया जाते, पोरीची शाळा बुडते. मी त्या सगळ्याची उत्तरं जुळवून तयार बसले होते.

"ये," बाबा म्हणाले. "मला करमेल."